फोन एकाचा, जाळें दुसऱ्याचें

गेल्या वीस वर्षांत शेतकऱ्याच्या घरांत जीं नवीं अवजारें आलीं, त्यांत मोबाइल फोनइतकें सर्वत्र पसरलेलें दुसरें अवजार नाहीं. ज्याच्या दावणीस स्वतःचा बैल नाहीं, ज्याला भाड्याचा ट्रॅक्टरहि जड जातो, त्याच्याहि खिशांत आज फोन असतो. हा फोन आतां चैनीचा विषय राहिलेला नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यांत ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्यानें आपल्याच फोनवर, आपल्याच गटांत उभें राहून, पिकाचें छायाचित्र घेऊन करावी असें ठरलें. सरकारी योजनांच्या पडताळणीचे सांकेतिक अंक फोनवरच येतात. बाजारसमितीचा भाव, पावसाचा इशारा, कारखान्याच्या ऊसतोडीचा निरोप, मुलाबाळांची ख्यालीखुशाली, सर्व त्याच वाटेनें येतें. ज्या वस्तूवर संसाराचा आणि शेतीचा येवढा भार पडला, ती घेतांना शेतकऱ्यानें एकच साधा प्रश्न विचारून पाहावा: हा फोन कोणत्या कंपनीच्या जाळ्यावर पुरतेपणीं चालेल आणि कोणत्या जाळ्यावर चालणार नाहीं? दुकानदार ‘सगळ्यांवर चालतो’ असें म्हणून मोकळा होतो. हें उत्तर बहुधा अर्धवट असतें, आणि अर्धवट उत्तराचा भुर्दंड ग्राहकाच्या माथीं बसतो. प्रस्तुत लेखाचें प्रयोजन येवढेंच आहे.

आपण बियाण्याची पिशवी घेतों तेव्हां तिच्या खुणपट्टीवर उगवणशक्ति शेंकडा किती, शुद्धता किती, चांचणी कोणत्या तारखेस झाली हें छापलेलें असावें लागतें. १९६६ च्या बियाणें कायद्यानें ही व्यवस्था लाविली. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश यांचें प्रमाण असावेंच लागतें. १९८५ चा खत नियंत्रण आदेश तें सांगतो. ह्या दोन्ही व्यवस्थांत लबाडी होत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. बोगस बियाण्याचीं प्रकरणें दर मृगास उठतात. परंतु खुणपट्टी असल्यामुळें निदान भांडावयास आधार राहतो. पोत्यावर १०:२६:२६ लिहिलें असून आंत तें निघालें नाहीं, तर नमुना तपासून विक्रेत्यास जाब विचारतां येतो. कांहींच लिहिलेलें नसेल तर जाब कशाच्या जोरावर विचारावयाचा?

आतां फोनचें खोकें पाहा. त्यावर कमाल किंमत असते, आयात करणाराचें किंवा बनविणाराचें नांव असतें, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि स्मरणसांठा किती हें ठळक असतें, आणि अलीकडे ‘५-जी’ ही अक्षरें सर्वांत मोठीं असतात. परंतु कोणत्या लहरपट्ट्यांवर हा फोन चालतो हें शोधूं गेल्यास तें एक तर सांपडत नाहीं, किंवा आंतल्या इंग्रजी चिटोऱ्यावर, अथवा निर्मात्याच्या संकेतस्थळावर, बी-अमुक आणि एन्-तमुक अशा आंकड्यांच्या रांगेंत दडलेलें असतें. कॅमेऱ्याची फुशारकी खोक्यावर आणि बोलतां येईल कीं नाहीं ही माहिती चिटोऱ्यावर, हा क्रम आम्हांस उलटा वाटतो.

हे लहरपट्टे म्हणजे काय, हें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. कारण येथेंच बहुतेकांची फसगत होते. फोन आणि मनोरा यांचें बोलणें हवेंतील लहरींवर चालतें. दर कंपनीस सरकारकडून लिलावानें कांहीं ठराविक पट्टे मिळालेले असतात. आपल्या देशांत ७००, ८५०, ९००, १८००, २१००, २३००, २५०० आणि ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे मुख्यतः वापरांत आहेत. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारें ४३ सेंटिमीटर लांब असते, ३५०० मेगाहर्ट्झची साडेआठ सेंटिमीटरांच्या आसपास. लांब लहर दूरवर जाते, भिंतींतून आणि झाडोऱ्यांतून त्या मानानें सुखरूप पार पडते. तोकडी लहर भार पुष्कळ वाहते, पण लवकर थकते. पाण्यानें भरलेलीं हिरवीं पानें तोकड्या लहरी अधिक शोषून घेतात. उभ्या उसाच्या फडांत शिरलें कीं रेंज कां जाते, ह्याचें एक कारण हेंच. म्हणून खेड्यापाड्यांत, जेथें मनोरे दूरदूर असतात, तेथें कमी मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचें मोल शहरापेक्षां अधिक आहे, आणि नेमका तोच पट्टा फोनमध्यें नसेल तर शहरांत उत्तम चालणारा फोन वाडीवर मुका होतो.

हे पट्टे साऱ्या देशांत एकसारखे वांटलेले नाहींत हीहि गोष्ट ध्यानांत ठेवावी. देशाचे दूरसंचाराकरितां २२ विभाग पाडलेले आहेत. आपल्या महाराष्ट्र विभागांत गोवा येतो, पण मुंबई त्यांत नाहीं. तिचा विभाग निराळा. प्रत्येक विभागाचा लिलाव निराळा. म्हणून एकाच कंपनीजवळ महाराष्ट्रांत एक पट्टा आणि कर्नाटकांत दुसरा असूं शकतो. बीड आणि अहिल्यानगरकडील ऊसतोड मजूर दिवाळीनंतर सीमा ओलांडून कर्नाटकांतील कारखान्यांवर जातात. बायकामुलांसह कोपीवर राहणाऱ्या त्या माणसांस गांवाकडील म्हाताऱ्यांशीं बोलावयास फोनवांचून दुसरें साधन नाहीं. स्वस्तांतल्या फोनमध्यें पट्टे मोजकेच घातलेले असल्यास ह्याच लोकांस त्याची झळ प्रथम पोंचते.

पट्टा जुळला म्हणजे काम भागलें असेंहि नाहीं. जाळ्याच्या पिढ्या असतात आणि प्रत्येक पिढीची भाषा निराळी. २-जी आणि ३-जी यांत बोलण्याकरितां स्वतंत्र वाट राखून ठेवलेली होती. ४-जींत ती वाट ठेवलीच नाहीं. आवाजाचे तुकडे करून ते पत्रांच्या टपालासारखे माहितीच्या वाटेनेंच धाडावयाचे, अशी योजना आहे. हिलाच ‘व्होल्टे’ म्हणतात. ही सोय फोनमध्यें असावी लागते, आणि नुसती असून भागत नाहीं. त्या विशिष्ट कंपनीच्या जाळ्याशीं ती जुळवून निर्मात्यानें फोनमध्यें घातलेली असावी लागते. ती नसेल तर फोनवर ४-जीची खूण दिसते, चित्रें दिसतात, पण बोलावयास लागतांच तो फोन खालच्या पिढीच्या जाळ्यावर उतरतो, आणि खालचें जाळें नसेलच तर बोलणें होत नाहीं. ह्यावर कडी म्हणजे कांहीं फोनना विकणाऱ्या कंपनीनेंच कुलूप घातलेलें असतें. पट्टा जुळतो, भाषा जुळते, पण दुसऱ्या कंपनीचें सिमकार्ड तो फोन आंत घेत नाहीं.

जुन्या लोकांस कुर्डुवाडीचें स्थानक आठवत असेल. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी वाट आणि मुंबई-मद्रासकडील साडेपांच फुटी वाट तेथें एकमेकींस भेटत. रूळ दोन्हींकडे लोखंडाचेच, डबे दोन्हींकडे चाकांचेच. पण एकीचा डबा दुसरीवर जात नसे, आणि शेतकऱ्याच्या मालाचें प्रत्येक पोतें हमालाच्या पाठीवरून इकडचें तिकडे करावें लागे. हमाली कोण देई हें सांगावयास नको. फोनच्या बाबतींत फरक इतकाच कीं, त्या दोन वाटांची रुंदी डोळ्यांस दिसत होती. येथें तीहि दिसत नाहीं.

आपल्या देशांत ह्या गोष्टीचा अनुभव नवा नाहीं. २००३ च्या पावसाळ्यांत रिलायन्सनें ५०१ रुपये आरंभीं भरून फोन देण्याची योजना काढिली आणि सामान्य माणसाच्या हातांत प्रथमच फोन आला. हें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. पण तो फोन सी-डी-एम-ए पद्धतीचा, ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचा. त्याचे प्रारंभींचे नमुने असे कीं त्यांत काढण्याघालण्याचें सिमकार्डच नसे. नंबर फोनमध्येंच कोरलेला. कंपनी सोडावयाची तर फोनहि सोडावा लागे. टाटा इंडिकॉमचीहि पद्धति तीच होती. पुढें बाजाराचा ओघ जी-एस-एम पद्धतीकडे वळला, २०१७ च्या अखेरीस रिलायन्स कम्युनिकेशन्सनें आपली ध्वनिसेवा बंद केली, आणि जे सी-डी-एम-ए फोन लोकांच्या घरांत चांगल्या स्थितींत होते ते मुलांच्या खेळण्यांत गेले. यंत्र न बिघडतां निरुपयोगी झालें. शेतकऱ्यास हा प्रकार विशेष खटकतो, कारण त्याच्या घरीं कोळपें मोडेपर्यंत चालतें आणि मोडलें तरी त्याचा फाळ दुसऱ्या कामीं येतो.

५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा सुरू झाली. हें जाळें पहिल्या दिवसापासून केवळ ४-जीचें; २-जी किंवा ३-जी त्यांत नाहींच. ज्यांनीं वर्ष-दोन वर्षांपूर्वीं ‘४-जी’ म्हणून फोन घेतले होते, त्यांपैकीं पुष्कळांस त्या वेळीं कळलें कीं आपल्या फोनमध्यें व्होल्टे नाहीं, आणि साधें बोलावयाचें तरी एक निराळें अ‍ॅप उघडून त्यांतून बोलावें लागेल. २०१७ सालीं त्याच कंपनीनें १५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर बटणांचा जिओफोन दिला. तो केवळ जिओच्याच सिमकार्डावर चालावयाचा. ३-जीचे फोन घेतलेल्यांची गत निराळ्या प्रकारें झाली. एअरटेलनें २०१९-२० मध्यें आपलें ३-जी जाळें गुंडाळलें, तेव्हां त्या कंपनीचे जे ग्राहक ३-जी फोन बाळगून होते ते एका दिवसांत २-जीवर आले. बोलणें चालू राहिलें, पण हवामानाचें पान उघडावयास विहिरीवरची पाळी सुटण्याइतका वेळ लागूं लागला.

५-जीची हकीकत तर मौजेची आहे. हिंदुस्थानांत ५-जी सेवेचें उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजीं झालें. पण ‘५-जी’ छापलेले फोन येथील दुकानांत २०२० पासूनच विकले जात होते. जें जाळें देशांत अस्तित्वांतच नव्हतें त्याच्या नांवानें अडीच वर्षें किंमत घेतली गेली. जाळें आलें तेव्हां एका कंपनीनें तें जुन्या ४-जीच्या आधारावर उभें केलें, दुसरीनें स्वतंत्र. आणि ज्या फोनमध्यें जी तजवीज नव्हती तो त्या जाळ्यावर चालेना. महागांतले महाग आयफोनहि डिसेंबर २०२२ मध्यें निर्मात्यानें नवी आज्ञावली धाडीपर्यंत येथील ५-जीवर चालले नाहींत. पन्नास-साठ हजारांच्या फोनवाल्याची ही स्थिति, तर सात-आठ हजार रुपये उसनवारीनें जमवून फोन घेणाऱ्यास कोण विचारतो!

अगदीं अलीकडचें उदाहरण भारत संचार निगमचें. जुलै २०२४ मध्यें खासगी कंपन्यांनीं आपले दर वाढविले तेव्हां खेड्यांतील पुष्कळ लोक निगमकडे वळले. निगमनें स्वदेशी यंत्रसामग्रीवर आपलें ४-जी जाळें उभारलें आणि २७ सप्टेंबर २०२५ रोजीं ओडिशांतील झारसुगुडा येथून सुमारें ९७,५०० मनोऱ्यांचें लोकार्पण झालें. ज्या खेड्यांत खासगी कंपन्या फायदा नाहीं म्हणून पोंचल्या नाहींत, तेथें हे मनोरे उभे राहिले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु हें ४-जी मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर चालतें. ७०० चा पट्टा ४-जीकरितां येथील इतर कंपन्या वापरीत नसल्यामुळें स्वस्त फोन बनविणारांनीं तो पुष्कळदां वगळलेला असतो. गंमत अशी कीं तोच ७०० चा पट्टा ५-जीकरितां फोनमध्यें असूं शकतो आणि ४-जीकरितां नसूं शकतो. आंकडा तोच, पण अक्षर निराळें. तालुक्याच्या दुकानांत सिमकार्ड घालून पाहिलें तर सर्व ठीक दिसतें, कारण तेथें दुसरा पट्टाहि हजर असतो. फोन घेऊन माणूस डोंगराकडेच्या वाडीवर येतो, समोर मनोरा दिसतो, आणि फोनवर रेंज नसते. तो निगमला शिव्या देतो. निगमचे दोष पुष्कळ असतील, पण हा दोष फोनचा असूं शकतो, आणि तें त्यास सांगणारें कोणी नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं ग्राहकास कंपनी बदलण्याचा हक्क कायद्यानें दिलेलाच आहे. दिलेला आहे खरा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजीं हरियाणांत आणि २० जानेवारी २०११ पासून साऱ्या देशांत झाली. १९०० ह्या क्रमांकावर एक संदेश धाडला कीं प्रकरण सुरू होतें. पण नंबर हलतो, फोन हलत नाहीं. नव्या कंपनीच्या जाळ्याशीं हातांतला फोन जुळत नसेल तर हा हक्क बजावण्यासाठीं आणखी आठ हजार रुपये मोजावे लागतात. कूळकायद्यानें जमीन मिळावी आणि तिच्यावर जाण्याची पायवाट मात्र दुसऱ्याच्या बांधांतून असावी, तसा हा अर्धा हक्क झाला. दर वाढले तर कंपनी सोडून जाऊं, ही ग्राहकाची एकुलती एक धमकी. ती पोकळ ठरते ती फोनमुळें, ही गोष्ट दर ठरविणारे ओळखून असतात.

आमच्या वाचकांचा आणखी निकटचा संबंध पंपाच्या मोबाइल स्टार्टरशीं आहे. शेतीस वीज पाळीनें मिळते, पुष्कळदां रात्रीं मिळते. आणि मध्यरात्रीं नदीकांठच्या मोटारीपर्यंत जावयाचें म्हणजे वाटेंत साप, आणि उसाच्या मुलखांत बिबट्या. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचें ‘नॅनो गणेश’ हें ह्या जातीच्या यंत्रांतील जुनें नांव. पुढें अनेकांचीं तशीं यंत्रें निघालीं. घरीं बसून फोन लावावयाचा आणि मोटार सुरू करावयाची, ह्या सोयीनें किती जणांचे जीव वांचले असतील तें सांगवत नाहीं. परंतु यांतील पुष्कळ यंत्रांत सिमकार्ड घालण्याचा जो भाग असतो तो २-जीचा आहे. त्यांत एअरटेलचें, व्हीआयचें किंवा निगमचें कार्ड चालतें. जिओचें चालत नाहीं, कारण त्या कंपनीपाशीं २-जी नाहीं. आमच्या माहितीच्या एका द्राक्षबागायतदारानें घरांतील सर्व नंबर एका कंपनीकडे नेतांना स्टार्टरचाहि नंबर नेला आणि ऐन छाटणीनंतरच्या पाण्यास मोटार बोलेना. दुकानदारानें स्टार्टर बिघडला असें सांगून नवा घेण्याचा सल्ला दिला. यंत्र बिघडलेलेंच नव्हतें. दुसऱ्या कंपनीचें कार्ड घालतांच तें पूर्ववत् चालूं लागलें.

हा प्रश्न पुढें वाढणार आहे. जिओच्या चालकांनीं २०२० सालींच २-जी हा इतिहासजमा झाला पाहिजे असें जाहीरपणें म्हटलें होतें. लहरपट्टे मोलाचे आहेत, जुन्या पिढीस त्यांत कायमची जागा देतां येणार नाहीं, हें आम्हांसहि मान्य आहे. पण विहिरीवरील स्टार्टर, शेतांतील हवामानयंत्र, बटणांचा साधा फोन, हीं सर्व ज्या दिवशीं मुकीं होतील तो दिवस मालकास आधीं कळावा कीं नाहीं? ऑस्ट्रेलियाचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. तेथें ३-जी बंद करण्याची तारीख २०२४ मध्यें दोनदां पुढें ढकलावी लागली, कारण असें आढळून आलें कीं कांहीं फोन ४-जीवर नेहमींचें बोलणें करीत, पण संकटकाळचा शून्य-शून्य-शून्य हा क्रमांक लावतांच ते गुपचूप ३-जी शोधीत. म्हणजे ३-जी बंद झाल्यावर मालकास वाटावें आपला फोन धड आहे, आणि अपघाताच्या वेळीं तो लागूं नये. सरकारनें कंपन्यांस असे फोन हुडकून मालकांस कळविण्यास आणि शेवटीं ते जाळ्यावर घेऊं नयेत असें बंधन घातलें. मग २८ ऑक्टोबर २०२४ पासून दोन मोठ्या कंपन्यांनीं ३-जी बंद केलें. तेथील शेतकरी शेंकडों मैल विरळ वस्तींत राहतो, म्हणून त्या सरकारास हें सुचलें असें कोणी म्हणेल. आपल्याकडे रात्रीं सर्पदंश झालेल्या माणसाच्या घरून ११२ लावला जातो तेव्हां अंतर कमी असलें तरी वेळ तितकाच थोडा असतो.

कुलपाच्या बाबतींत ब्रिटनमध्यें डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांस कुलूपबंद फोन विकण्याची मनाई झाली आहे. कॅनडांत डिसेंबर २०१७ पासून नवे फोन विनाकुलूप द्यावे लागतात. आपल्याकडे सरसकट तशी मनाई करावी असें आमचें मत नाहीं. कुलूपबंद फोन स्वस्त मिळतो, आणि ज्याच्या हातांत एरवीं फोन येणारच नव्हता त्याच्या हातांत तो येतो. हा लाभ खरा आहे, आणि शहरांत बसून त्यास नांवें ठेवणें सोपें आहे. परंतु कुलूप आहे हें खोक्यावर मराठींत, किंमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहावें, आणि कांहीं ठराविक मुदतीनंतर तें काढून द्यावें, येवढी अट घालण्यास कोणाची हरकत असावी तें आम्हांस कळत नाहीं.

पट्टे छापण्याविरुद्ध एक आक्षेप नेहमीं येतो, तो असा कीं हे आंकडे सामान्य शेतकऱ्यास समजणार नाहींत. हा आक्षेप घेणाऱ्यानें एखाद्या कृषि-सेवा केंद्राच्या पायरीवर अर्धा तास बसावें. तीन यत्ता शिकलेला माणूस १९:१९:१९ केव्हां द्यावें आणि ०:५२:३४ केव्हां द्यावें यावर वाद घालतांना त्यास ऐकूं येईल. आंकडे कठीण नसतात. ते लपविलेले असले म्हणजे कठीण वाटतात. शिवाय पट्ट्यांचे आंकडे नको असतील तर कंपन्यांचीं नांवें छापावीं: अमुक कंपनीच्या ४-जीवर बोलणें चालतें, अमुकच्या ५-जीवर चालतें, तमुकच्या चालत नाहीं. चार नांवांपुढें चार खुणा. दुसरा आक्षेप खर्चाचा. फोनच्या किरणोत्सर्जनाचें प्रमाण दर किलोग्रॅमला १.६ वॅटपेक्षां अधिक असूं नये असें सरकारनें २०१२ सालीं ठरविलें आणि तो आंकडा ग्राहकास पाहतां यावा अशी व्यवस्था करावयास लाविली. तेव्हां निर्माते बुडाले नाहींत. शाईच्या दोन ओळींनीं आतांहि बुडणार नाहींत.

दूरसंचार खात्यानें आणि ग्राहकव्यवहार खात्यानें मिळून असा नियम करावा, आणि त्यांत नुसते फोनच नव्हे तर सिमकार्ड घालून चालणारें प्रत्येक यंत्र यावें. स्टार्टरवर तर ‘२-जी’ किंवा ‘४-जी’ येवढें एक अक्षर पत्र्यावर ठोकलेलें असलें तरी निम्मा घोटाळा मिटेल. शेतींतील यंत्रांस अनुदान देतांना कृषि खातें शंभर कागद मागतें. त्यांत यंत्र कोणत्या पिढीच्या जाळ्यावर चालतें ह्याचा एक दाखला मागण्यास त्यास कोणाचीहि परवानगी लागणार नाहीं.

नियम होईल तेव्हां होवो. तोंपर्यंत फोन घेणाऱ्यानें एक करावें. दुकानांत जातांना आपलें आणि शेजाऱ्याचें, अशीं दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं सिमकार्डें बरोबर न्यावीं. दोन्ही खणांत आलटूनपालटून घालून प्रत्यक्ष बोलून पाहावें, आणि बोलणें चालूं असतां वरच्या कोपऱ्यांतील ४-जीची खूण टिकते कीं उतरते तें पाहावें. टिकली तर त्या कंपनीचें व्होल्टे त्या फोनमध्यें आहे. खूण उतरली तर तो फोन उद्यां खालच्या पिढीबरोबर बुडणारा आहे असें समजावें. वर सांगितल्याप्रमाणें पट्ट्याची परीक्षा तालुक्याला होत नाहीं, ती वाडीवरच होते. यासाठीं ‘घरीं रेंज न आल्यास चार दिवसांत परत घेऊं’ असें दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावें. पुष्कळजण लिहून देत नाहींत. जो देतो त्याच्याकडून घ्यावा.

आपल्या संघानेंहि एक काम अंगावर घेण्यासारखें आहे. संघाच्या भांडारांतून खतें, औषधें, पाइप विकले जातात. स्टार्टरहि विकले जातात. तालुक्यांतील प्रत्येक गांवीं कोणत्या कंपनीचा मनोरा आहे आणि तेथें कोणत्या पट्ट्यावर ४-जी चालतें, ह्याचा एक तक्ता सभासदांच्या मदतीनें तयार होऊं शकतो. फोनवर जाळ्याचा पट्टा दाखविणारीं फुकट अ‍ॅप्स मिळतात आणि गांवोगांव तीं वापरूं शकणारे तरुण आहेत. तो तक्ता भांडाराच्या भिंतीवर लावावा, ह्याच मासिकांतून छापावा, आणि वर्षांतून एकदां सुधारावा. स्टार्टरची पुढील खरेदी करण्यापूर्वीं व्यवस्थापक मंडळानें पुरवठादाराकडून त्यांतील भाग कोणत्या पिढीचा आहे आणि २-जी बंद झाल्यास तो बदलून मिळेल कीं नाहीं हें लेखी मागावें. ज्या सभासदांजवळ जुने स्टार्टर आहेत त्यांनीं कंपनी बदलण्यापूर्वीं भांडारांत एकदां विचारावें; आणि ज्यांचे स्टार्टर ‘बिघडले’ म्हणून अडगळींत पडले आहेत त्यांनीं ते टाकून देण्याआधीं दुसऱ्या कंपनीचें कार्ड घालून पाहावें.